सुतळीचा कान

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मिरवायला सांगत नाही. पदवी घेतलेल्या माणसानं भुताखेताच्या गोष्टी सांगत बसू नये असं मला मनापासून वाटायचं, एवढंच सांगायचं आहे. गावाकडं आई कुणाची दृष्ट काढायला लागली की मी उठून बाहेर जायचे. या सदरातले अनुभवही मी आजवर नुसते वाचत आले, आणि लिहिणाऱ्याला थोडी झोप कमी पडली असेल असं म्हणून पान उलटत आले. आज स्वतः लिहिते आहे. नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

माझं गाव मेढ्याच्या वर, डोंगरात. बारावीनंतर साताऱ्याला कॉलेजात नाव घातलं, पण वसतिगृहात जागा मिळाली नाही. आईनं गावातल्या एका ओळखीनं मला राजवाड्याकडून खाली येणाऱ्या रस्त्यावरच्या एका पुस्तकाच्या दुकानात नेलं. खाली दुकान, वर मालकांचं घर. मालकांना सगळे काका म्हणत. काकांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "वाचतेस का काही?"

आई मध्येच म्हणाली, "आवं, दुसरं करतीय काय ती? चुलीवर दूध उतू गेलं तरी बघत न्हाई."

काका हसले. पोटमाळ्यावरची खोली मला मिळाली. दुपारनंतर दुकानात मदत करायची, जेवण त्यांच्यातच. बी.ए.ची सगळी पुस्तकं मी त्यांच्याच फळीवरून घेऊन वाचली. नवी कोरी पुस्तकं, कागदात घालून, अर्धवट उघडून वाचायची आणि परत जागेवर ठेवायची. काकांची अट एकच – "वाच, पण कणा मोडू नकोस." आजही मी पुस्तक पूर्ण उघडत नाही. त्या घराचं अन्न माझ्या अंगात आहे. पुढं जे लिहिणार आहे ते त्या घराला नावं ठेवण्यासाठी नाही. पण झालं ते झालं.

घरात काका, काकू आणि त्यांची सून – आश्विनी वहिनी. मुलगा सुहास मी तिथं जाण्याच्या आधीच नाहीसा झाला होता. नाहीसा हाच शब्द. दिवाळी अंकांचा एक गठ्ठा पाचगणीला पोचवायला मोटारसायकलवर गेला, तो लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. गाडी घाटात कठड्याशेजारी नीट स्टँडवर लावलेली सापडली. किल्ली गाडीलाच. मागं गठ्ठा तसाच बांधलेला. खाली दरीत महिनाभर शोधलं, काही नाही. पोलीस आले, गेले. लग्नाला तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं.

तो गठ्ठा काकूंनी कधी सोडला नाही. देवघराच्या शेजारी पाटावर ठेवलेला असायचा. त्याची धूळ पुसणं माझं काम. म्हणून मला सुहासची गाठ माहीत झाली. आपण गठ्ठा बांधतो तेव्हा सुतळी उभी-आडवी घेऊन वर दुहेरी गाठ मारतो. सुहास तसं करायचा नाही. तो वरच्या बाजूला सुतळीला पीळ देऊन कपाला असतो तसा एक कान काढायचा. त्यात बोट घातलं की गठ्ठा उचलता यायचा, आणि गाठ कुठं आहे ते दिसायचंच नाही. जुनी गिऱ्हाइकं अजून म्हणायची, "कान काढून द्या की, सुहास द्यायचा तसा." वहिनी तेवढ्यापुरती आत जायची. ती सुतळीला हात लावत नसे. गठ्ठे बांधायचं काम म्हणून माझ्याकडं आलं. मला साधी दुहेरी गाठ येते. कान कसा काढतात ते मला तेव्हा येत नव्हतं, आजही येत नाही. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा.

पाडवा आला की काकू तो गठ्ठा खाली दुकानात आणायच्या. सुहासच्या खुर्चीवर ठेवायच्या, वर टोपी. आणि वहिनीनं ताट घेऊन त्याला ओवाळायचं. शेजारचे दुकानदार पेढे घ्यायला आलेले असत, त्यांच्यासमोर. वहिनी सुतळीला कुंकू लावायची, अक्षता टाकायची. काकू म्हणायच्या, "नाव घे." वहिनी नाव घ्यायची. कुणी हसायचं नाही, पण सगळे तिच्या तोंडाकडं बघायचे.

पहिल्या वर्षी मी ते पाहिलं आणि वर जाऊन रडले. वहिनीच मला समजवायला आली. "सारू, वेडी का तू? वर्षातून एकदा पाच मिनिटं. बाकीचं वर्ष आपलंच आहे की." आणि ते खरं होतं. आम्ही दोघी रात्री एकाच खोलीत झोपायचो. ती मला इंग्रजीचे उच्चार शिकवायची, मी तिला वेण्या घालून द्यायचे. मला बहीण नाही.

खरं तर त्याच पाडव्याला तिचा भाऊ संतोष लोणंदहून तिला कायमची न्यायला येणार होता. वहिनीनं कपडे भरले होते. लक्ष्मीपूजन झालं, त्याच संध्याकाळी मी पाडव्याला पोचवायचे अंकांचे गठ्ठे बांधून काउंटरवर रचले. काकांनी शटर ओढलं, किल्ल्या नेहमीप्रमाणे कमरेला लावल्या. सकाळी पूजेसाठी शटर उघडलं तर... सगळ्या गठ्ठ्यांना कान.

काकू काउंटरला धरून खाली बसल्या. मग उठल्या, वहिनीचा हात धरून तिला एकेका गठ्ठ्यापाशी नेलं. "बघ. हात लाव. नवरा येतोय तुझा, आणि तू बॅग भरलीस?"

वहिनीनं एका कानात बोट घातलं. तिचा चेहरा मी विसरणार नाही. त्यात भीती नव्हती. आनंद होता, आणि तो आनंद बघवत नव्हता. संतोष आला तसा रिकाम्या हातानं परत गेला.

मला तेव्हा काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. मला वाटलं, हे काकूंचं काम आहे. मुलाची आठवण कुणीतरी धरून ठेवावी म्हणून म्हातारीनं पहाटे उतरून बांधलं असेल. पण काकूंच्या बोटांना संधिवात, त्यांना ब्लाउजचं बटण लागत नसे, ते वहिनी लावायची. काका? काका व्यवहारी माणूस. त्यांनी त्या वर्षी फक्त वहिनीला दुकानाच्या पुढच्या भागात उभं करणं बंद केलं. "घरची सून आहे," म्हणाले.

दुसऱ्या वर्षी मी मुद्दाम सुतळीऐवजी हिरवी नायलॉनची दोरी वापरली, गाठी कचकचीत मारल्या, टोकं मेणबत्तीवर वितळवून चिकटवली. सोडून परत बांधलं तर तुटलेली टोकं दिसलीच पाहिजेत. पाडव्याला सकाळी हिरव्या दोरीचे कान होते, चहाच्या कपांसारखे ओळीनं. वितळवलेलं टोक एकाही गठ्ठ्याला नव्हतं. दोरी जशी रिळावरून आली तशीच. मी काकांना म्हटलं, तर ते म्हणाले, "सारिके, अभ्यास कर." वहिनीनं त्या वर्षी स्वतःहून ओवाळलं. नाव घ्यायला काकूंनी सांगावं लागलं नाही.

त्यानंतर ती बदलली. रात्री बोलता बोलता थांबायची आणि कान देऊन ऐकायची. खाली उंदीर फिरला तरी उठून जिन्यापर्यंत जायची. तिशीही झाली नव्हती, आणि केस पुढून पांढरे. काकू शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, "आमच्या सुहासनं तिला सोडलं नाही हो." मी ऐकत राहायचे. त्या घरात मला बोलायचा काय अधिकार होता?

तिसरं वर्ष माझ्या पदवीचं. कायद्यानं थांबायचं तेवढी वर्षं होऊन गेली होती, आणि संतोषनं सांगलीचं एक स्थळ आणलं. हळदीच्या व्यापारातला माणूस, बायको बाळंतपणात गेलेली. वहिनी त्याला एकदा लोणंदला भेटूनही आली. आल्यावर मला म्हणाली, "सारू, तो माणूस मला विचारत होता – तुम्हाला काय वाचायला आवडतं. मला उत्तरच आठवेना." मग म्हणाली, "यंदा कान नसले तर मी जाणार. असले तर... नाही गं जमायचं. तो दारात येऊन उभा राहत असेल आणि मी निघून जाऊ?"

त्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी गठ्ठे बांधत होते आणि वहिनी समोर स्टुलावर, सुतळी दिसायला नको म्हणून रस्त्याकडं तोंड करून, करंज्यांबद्दल बोलत होती. यंदा सारण कोरडं झालं, फुटतायत, असं काहीतरी. मी साध्या दुहेरी गाठी मारत होते. मला आठवतं. आजही डोळे मिटले की माझ्या बोटांखालची ती गाठ मला लागते.

पाडव्याला सकाळी संतोष आला होता. काकांनी शटर वर केलं. वहिनीनं आत पाहिलं आणि उंबऱ्यावरच बसली.

काकूंनी तिच्याकडं बघितलं नाही. गठ्ठा खुर्चीवर ठेवत शांतपणे म्हणाल्या, "ताट आण. आणि भावाला चहा दे, त्याला परत जायचंय."

संतोष पुढं झाला. "काकी, थांबा जरा. काका, गणपतीत चोऱ्या झाल्या म्हून तुमी क्यामेरा बसवलाय न्हवं?"

"बसवलाय," काका म्हणाले.

"मग लावा की. जावई कवा येतोय, कुठनं येतोय, आमाला बी बघू दे. त्याच्या पाया पडतो आन् जातो."

खरं सांगायचं तर कॅमेऱ्याचं मला सुचलंच नव्हतं. मला आनंद झाला. आता कळेल, असं वाटलं. आम्ही सगळे काउंटरमागच्या छोट्या टीव्हीसमोर उभे राहिलो. काकांनी आदल्या संध्याकाळचं चित्रण लावलं.

मी दिसत होते. मांडी घालून बसलेली, तोंड वहिनीकडं, हसत होते. आणि खाली माझे हात गठ्ठ्याला कान काढत होते.

मी बघतच राहिले. माझेच हात, हातात माझ्याच काचेच्या बांगड्या. पीळ देत होते, सुतळी आतून घेत होते, ओढत होते. मी एकदाही खाली बघत नव्हते. एवढ्या वेगानं मला भाकरीसुद्धा थापता येत नाही. प्रत्येक कान झाला की उजव्या हाताचं मधलं बोट त्याला एक टिचकी मारायचं. कान थरथरायचा. मग पुढचा गठ्ठा.

"आयला," संतोष म्हणाला. "हीच हाय की."

वहिनी टीव्हीकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. काका खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. पण काकू पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांचा श्वास काचेवर उमटला. "ही टिचकी..." त्या म्हणाल्या. "अगं, ही टिचकी..."

त्या पुढं काय बोलणार ते मला कळलं. कसं कळलं विचारू नका. त्यांच्या आवाजात जे होतं त्यावरून कळलं. त्या म्हणणार होत्या की ही माझ्या सुहासची खोड आहे, तो हिच्या हातात उतरतो. आणि वहिनी ते ऐकणार होती, मान वळवून पडद्याकडं बघणार होती, आणि त्याची ती सवय तिला ओळखू येणार होती. मग ती त्या घरातून कधीच निघाली नसती. माझ्या हातांपाशी बसून राहिली असती.

मी मोठ्यानं म्हणाले, "मीच बांधते. पहिल्यापासून मीच."

काकांनी चित्रण बंद केलं.

"तो गठ्ठा पुसताना बघून बघून शिकले," मी म्हणाले. "टिचकी मारायची मला सवयच आहे."

"खोटं," काकू म्हणाल्या. "खोटं बोलतीय. हिला येत नाही. बांधून दाखव म्हणावं. आत्ता, माझ्यासमोर."

कुणीतरी सुतळीचं रीळ माझ्या पुढ्यात टाकलं. मला येत नव्हतं हो. मी मनात म्हणाले – कुणाला म्हणाले मला ठाऊक नाही – आत्ता बांध. आजच्या दिवस बांध आणि तिला जाऊ दे.

मी सुतळी हातात घेतली. हात चालायला लागले. बोटं गार पडली होती एवढंच मला जाणवलं. बाकी जणू दुसऱ्या कुणाचं काम मी बसून बघत होते. कान झाला, सुरेख झाला. मग उजव्या हाताचं मधलं बोट वर उठायला लागलं. मी ते डाव्या मुठीत धरलं आणि मांडीखाली दाबलं. ते बोट मुठीत जोर करत होतं. मी नख रुतेपर्यंत धरून ठेवलं. वहिनीला ते दिसलं नाही. काकूंना दिसलं.

"का?" वहिनीनं विचारलं. आवाज अगदी साधा.

काहीतरी कारण द्यायला हवं होतं. मी म्हणाले, "तुम्ही गेलात तर मला इथं कोण आहे?"

ती उठली. काउंटरवरची कात्री घेतली आणि एकेक कान कापत गेली. सुतळीचे तुकडे जमिनीवर पडत होते. खुर्चीवरच्या गठ्ठ्यापाशी आली तेव्हा काकूंनी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि तोही कान कापला. इतक्या वर्षांनी त्यातून अंक सटकन घसरून खाली सांडले, वरचे पिवळे, आतले नवेच.

मग माझ्यासमोर येऊन म्हणाली, "माझ्या तीन दिवाळ्या खाल्ल्यास तू, सारिका." पहिल्यांदाच तिनं मला पूर्ण नावानं हाक मारली. "काकू आंधळ्या झाल्या होत्या, त्यांचा मुलगा होता. तुझं काय होतं?"

संतोष म्हणाला, "चल ताई. नादी लागू नगंस. असली माणसं बारशाला बी रडत्यात."

ती त्याच दिवशी गेली. पुढं तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न झालं, सांगलीला. मला बोलावणं आलं नाही; पत्रिका दुकानाच्या कचऱ्यात कुणाला तरी दिसली, त्यावरून कळलं.

काका मला म्हणाले, "कपडे घे. पुस्तकं फळीवर ठेव." त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. मी जिन्यावरून उतरले तेव्हा काकू खालच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, गालांना लावले, बोटांची चुंबनं घेतली. "पुढच्या पाडव्याला ये हं," माझ्या कानात म्हणाल्या. "मी ओवाळीन." मी हात ओढून घेतले, तर त्यांनी परत पकडले. शेवटी काकांनी सोडवले.

मी शेवटचं वर्ष एका मैत्रिणीच्या घरी राहून पूर्ण केलं. आता एका माध्यमिक शाळेत शिकवते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायची वेळ आली की शिपायाला सांगते. घरी दार लावून मी पुष्कळदा सुतळी घेऊन बसले आहे. पीळ देते, आतून घेते, ओढते. सगळं सुटून हातात येतं.

गेल्या दिवाळीच्या आधी शाळेच्या वाचनालयासाठी अंक आणायला सांगलीला गेले होते. दुकानात गर्दी, बांधून द्यायला माणूस मोकळा नव्हता, म्हणून मीच काउंटरच्या कडेला उभी राहून गठ्ठा बांधला. साधी दुहेरी गाठ. स्टँडवर येऊन तो बाकावर शेजारी ठेवला आणि गाडीची वाट बघत बसले.

समोरून वहिनी आली. अंगानं भरली होती, केसांना मेंदी, हाताला धरून एक लहान मुलगी. मला बघून थबकली. मला वाटलं, आता बोलेल. इतकी वर्षं झाली, राग गेला असेल. मी उठायला लागले. तिची नजर माझ्यावरून बाकावर गेली आणि तिथंच राहिली.

"अजून?" ती म्हणाली.

मी खाली बघितलं. गठ्ठ्याला कान होता. आणि तो थरथरत होता, आत्ताच कुणी टिचकी मारल्यासारखा. मुलगी खुदकन हसून त्यात बोट घालायला पुढं झाली. वहिनीनं तिला खसकन मागं ओढलं.

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी नाही म्हटलं असतं तर? तर तिला कळलं असतं की तो सांगलीपर्यंत आला आहे.

"हो," मी म्हणाले. "अजून."

तिनं मुलीला उचलून कडेवर घेतलं, मुलीचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं, आणि थुंकल्यासारखं करून निघून गेली. ती कराडच्या गाडीत चढली. मागं वळून बघितलं नाही.

आमच्या शाळेतले मानसशास्त्र शिकलेले एक सर आहेत. त्यांना मी नावं न घेता हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, सोपं आहे. त्या मुलीला तिची वहिनी जायला नको होती. मनाला नको असलं की हात शिकतात, आणि मन विसरतं. म्हणजे मी त्या सकाळी जे खोटं बोलले, तेच खरं. वहिनी जे समजते तेच बरोबर. काही दिवस मी तेही मानते. मानायला सोपं नाही, पण माझ्या शिक्षणाला ते धरून आहे.

पण मग टिचकीचं काय? गठ्ठा पुसून गाठ शिकता येईल कदाचित. टिचकी गठ्ठ्यावर दिसत नाही. सुहासला मी कधी पाहिलेलं नाही, आणि त्या सकाळपर्यंत त्या घरात कुणी मला त्याबद्दल सांगितलं नव्हतं. माझ्याकडं याचं उत्तर नाही. कुणाकडं असलं तर मला ऐकायचं आहे – पण वहिनीपर्यंत पोचू देऊ नका.